जुनी होडी घेताना : कागद, तळ, इंजिन आणि घरातला हिशेब

मे महिना संपत आला की कोकणच्या बंदरांवर दोन कामे एकाच वेळी चालतात. काही होड्या हंगामातली शेवटची फेरी मारून येतात, तर काही होड्यांच्या बाजूला उभे राहून माणसे हळू आवाजात भाव करत असतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या काळात होड्या वर ओढल्या जातात, शाकारल्या जातात, आणि ज्यांना विकायच्या आहेत त्या विकल्याही जातात. मिरकरवाडा, राजिवडा, साखरीनाटे, दाभोळ, हर्णे अशा गावांतल्या आपल्या कितीतरी घरांसाठी हा आयुष्यातला सर्वांत मोठा व्यवहार असतो. घर बांधतानाही माणूस इतका पैसा एकदम बाहेर काढत नाही.

हा पैसा कुठून येतो, हेही आपल्याला ठाऊक आहे. कुणी कुवेतमध्ये किंवा दुबईत पंधरा वर्षे काढलेली असतात, कुणी जहाजावर खलाशी म्हणून उमर घालवलेली असते, कुणाच्या बायकोचे दागिने डब्यातून बाहेर आलेले असतात. नवी होडी बांधायची तर खर्च आवाक्याबाहेर जातो, म्हणून बहुतेक कुटुंबे जुनी होडी शोधतात. जुनी होडी घेण्यात गैर काही नाही. नीट सांभाळलेली दहा वर्षांची होडी निष्काळजी मालकाच्या तीन वर्षांच्या होडीपेक्षा कितीतरी चांगली असू शकते. प्रश्न एवढाच, की नीट सांभाळलेली कोणती आणि नुसती रंगवलेली कोणती, हे ओळखायचे कसे?

होडी दोनदा पाहा

पहिली गोष्ट वेळेची. पाण्यात उभ्या असलेल्या होडीचे इंजिन पाहता येते, तळ दिसत नाही. वर ओढलेल्या होडीचा तळ दिसतो, पण इंजिन भाराखाली चालवता येत नाही. म्हणून समजूतदार गिऱ्हाईक होडी दोनदा पाहतो. मे महिन्यात, बंदी सुरू होण्याआधी, होडी समुद्रात नेऊन चालवून बघायची. मग जूनमध्ये ती वर आली की तळ तपासायचा. जून आणि जुलै कागदपत्रांना आणि दुरुस्तीला मिळतात, आणि ऑगस्टमध्ये होडी आपल्या नावाने समुद्रात जाते.

बरेच लोक जुलैमध्ये घाईने होडी घेतात, कारण हंगाम तोंडावर आलेला असतो. तेव्हा विक्रेता सांगतो, ‘इंजिन चालूच होते, काही काळजी नको.’ तो खरे बोलत असेलही. पण त्याच्या शब्दावर लाखो रुपये द्यायची पाळी आपल्यावर येता कामा नये. जुलैमध्येच घ्यावी लागली, तर काही रक्कम पहिल्या फेरीनंतर द्यायची अशी अट आधी लिहून घ्यावी.

तळ काय सांगतो

लाकडी होडीचा वैरी खारे पाणी आहे असे शहरातल्या माणसाला वाटते. लाकूड कुजवण्यात पुढाकार असतो तो गोड्या पाण्याचा, म्हणजे पावसाच्या आणि वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा. म्हणून मासळीच्या बर्फाच्या खणाखाली, इंजिन ज्या लाकडांवर बसवलेले असते तिथे, आणि वरच्या फळ्यांच्या सांध्यांत आधी पाहावे. टोच्या किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन लाकडात हलके दाबावे. निरोगी लाकूड टोक आत घेत नाही. टोक सहज शिरले, किंवा लाकूड ओल्या पावासारखे लागले, तर तिथे कूज आहे. कूज दिसते त्यापेक्षा नेहमी थोडी जास्त पसरलेली असते, हे धरून चालावे.

खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा असतो. बाहेर टाचणीएवढे भोक आणि आत बोटभर पोकळी, अशी त्याची करामत. वर ओढलेल्या होडीच्या तळाला लाकडी हातोडीने ठोकत जावे. घट्ट, भरीव आवाज यावा. मध्येच आवाज पोकळ झाला तर तिथे खडूने खूण करावी. खिळ्यांभोवती गंजाचे लाल ओघळ असतील तर खिळे आतून बारीक झालेले असतात, आणि सगळे खिळे बदलणे हे मोठे काम आहे.

होडी गेल्या तीन-चार पावसाळ्यांत कुठे आणि कशी ठेवली होती, हा प्रश्न आवर्जून विचारावा. झापांचे किंवा ताडपत्रीचे छप्पर घालून, खाली ओंडक्यांवर समतोल ठेवलेली होडी आणि उघड्यावर एका कुशीवर पडलेली होडी यांच्या आयुष्यात खूप फरक पडतो. हे विक्रेत्यापेक्षा शेजारचे लोक जास्त खरे सांगतात.

फायबरच्या होडीला कूज लागत नाही, पण तिचेही आजार आहेत. पाणी आत मुरले की पृष्ठभागावर फोड येतात. थर सुटले की ठोकल्यावर आवाज बद्द येतो. फळीवरून चालताना पायाखाली जागा दबली तर आतले लाकूड ओले झालेले असण्याची शक्यता मोठी. इंजिनाच्या बैठकीभोवती आणि मागच्या आडव्या भिंतीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तडा गेल्या आहेत का, हे बॅटरी लावून पाहावे. काही जुन्या लाकडी होड्यांना वरून फायबरचे आवरण चढवलेले असते. आवरण चांगल्या लाकडावर चढवले असेल तर होडीचे आयुष्य वाढते. कुजक्या लाकडावर चढवले असेल तर कूज फक्त झाकली जाते. अशी होडी आतल्या बाजूने तपासल्याशिवाय घेऊ नये.

आणि नव्या रंगापासून सावध राहावे. विकण्याआधी रंग देणे हा गुन्हा नाही, घर विकतानाही आपण चुना मारतो. पण इंजिनाखालच्या अंधाऱ्या खबदाडात, जिथे कुणी पाहत नाही, तिथेही ताजा जाड रंग असेल तर त्याखाली काय आहे ते खरवडून पाहायची परवानगी मागावी. चांगला विक्रेता नाही म्हणत नाही.

थंड इंजिन चालू करा

इंजिन पाहायला जाताना आदल्या दिवशी निरोप द्यावा, ‘आम्ही येईपर्यंत चालू करू नका.’ पोचल्यावर आधी इंजिनाला हात लावावा. गरम असेल तर ते थंड होईपर्यंत थांबावे, किंवा दुसऱ्या दिवशी यावे. अनेक दोष फक्त थंड इंजिन सुरू होतानाच दिसतात.

ऑइलची काडी ओढून पाहावी. ऑइल दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरलेले आहे आणि दुरुस्ती महाग पडेल. चालू झाल्यावर धुराकडे पाहावे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर सतत येत असेल तर डिझेल नीट जळत नाही, किंवा इंजिनावर झेपेल त्याहून जास्त भार आहे. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर आत पाणी जाते का, हे मिस्त्रीकडून पाहून घ्यावे.

मग निदान एक तास समुद्रात चालवावे, त्यातला काही वेळ पूर्ण वेगाने. पुढचा-मागचा गिअर बदलून पाहावा. उष्णतामापक आणि ऑइलच्या दाबाचा काटा चालतो का, हे बघावे. पुष्कळ होड्यांत तो कधीचाच मेलेला असतो. शाफ्ट थरथरत असेल तर पंखा वाकलेला असू शकतो, किंवा इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसतात. निघण्यापूर्वी तळातले पाणी पूर्ण उपसायला सांगावे आणि परत आल्यावर किती साचले ते पाहावे. ही एक परीक्षा पुष्कळ काही सांगून जाते.

इंजिन मुळात ट्रकचे आहे की होडीसाठीच बनवलेले, हेही विचारावे. ट्रकचे इंजिन बदल करून बसवणे सर्रास चालते आणि त्याचे सुटे भागही सहज मिळतात. पण खाऱ्या पाण्याने गार करायची व्यवस्था नीट केली नसेल तर ते लवकर खराब होते. शिवाय नोंदणीच्या कागदावर लिहिलेली अश्वशक्ती आणि इंजिन क्रमांक समोरच्या इंजिनाशी जुळायला हवेत. मूळ इंजिनाच्या जागी मोठे इंजिन, वर उंच केबिन आणि जड विंच असे एकामागून एक चढवत नेलेली होडी समुद्र खवळल्यावर कशी वागेल, हे तिच्यावर काम केलेल्या खलाशांना विचारावे. खलाशी बहुधा स्पष्ट सांगतात, कारण जीव त्यांचा असतो.

होडीने किती काम केले याची नोंदवही क्वचितच कुणी ठेवतो. पण डिझेल सहकारी संस्थेमार्फत घेतलेले असते, त्याची नोंद संस्थेत असते. कोणत्या महिन्यात किती डिझेल उचलले यावरून इंजिन किती राबले, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. लिलावाच्या पावत्या पाहायला मिळाल्या तर होडीने कमावले किती, हेही कळते.

कागद आधी, इसार नंतर

२००८ साली मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ नावाची पोरबंदरची मासेमारी नौका ताब्यात घेऊन आले होते. तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीच्या आणि खलाशाच्या कागदांकडे सरकार बारकाईने पाहते. कागद अपुरे असलेली होडी समुद्रात अडवली गेली तर त्या दिवसाची मासळी, डिझेल आणि बर्फ सगळे वाया जाते. आपल्या माणसांना मनस्ताप होतो तो वेगळाच.

इसार देण्यापूर्वी पुढील कागद हातात घेऊन वाचावेत.

नोंदणी प्रमाणपत्र : त्यावरचे नाव, क्रमांक, लांबी-रुंदी, इंजिन. होडीच्या अंगावर रंगवलेला क्रमांक तोच आहे ना, हे पाहावे. परराज्यातली होडी असेल तर तिथली नोंदणी रद्द झाल्याचा किंवा तिथल्या खात्याचा ना-हरकत दाखला लागेल. तो ‘नंतर आणून देतो’ म्हणणाऱ्याला पैसेही नंतरच द्यावेत.

मासेमारी परवाना : महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ प्रमाणे मत्स्यव्यवसाय विभाग हा परवाना देतो. तो कोणत्या पद्धतीच्या मासेमारीसाठी आहे हे नीट वाचावे, कारण सर्वांत जास्त फसगत इथेच होते. पर्ससीन जाळ्यांबाबत राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने नवे परवाने थांबवले आणि राज्याच्या १२ सागरी मैलांच्या हद्दीत हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर इतकाच ठेवला. एलईडी दिव्यांच्या झोतात मासे गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. अशा सामानासकट होडी विकायला निघाली असेल तर तिची किंमत जाळ्याच्या आणि जनरेटरच्या भावाने मोजू नये. ते वापरता येणार नसेल तर आपल्यासाठी ते भंगार आहे. कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर दंडाचे आकडे लाखांच्या घरात गेले आहेत. आधीच्या मालकावर अशी एखादी कारवाई चालू आहे का, याची चौकशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात स्वतः जाऊन करावी.

बोजा : अनेक होड्या राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून, सहकारी संस्थांमार्फत घेतलेल्या आहेत आणि काहींची थकबाकी वर्षानुवर्षे चालत आली आहे. बँक, पतसंस्था आणि मच्छीमार संस्था या तिन्हींकडून बाकी नसल्याचा दाखला घ्यावा. न लिहिलेला बोजाही असतो. मासळीच्या व्यापाऱ्याने मालकाला उचल दिलेली असते आणि त्या बदल्यात मासळी त्यालाच घालायची असे ठरलेले असते. खलाशांनाही हंगामाआधी उचल दिलेली असते. ती फेडणार कोण, हे साक्षीदारांसमोर ठरवून घ्यावे.

नाव बदलेपर्यंत व्यवहार पुरा झाला असे समजू नये. स्टँप पेपरवर सही झाली, पैसे गेले आणि होडी मात्र जुन्या मालकाच्या नावावरच राहिली, तर डिझेलवरील कराचा परतावा, विमा, नुकसानभरपाई यांपैकी कशावरही आपला हक्क सांगता येत नाही. आणि विकणाऱ्यालाही धोका असतो, कारण उद्या काही भानगड झाली तर नोटीस त्याच्या घरी येते.

ही होडी विकायचा हक्क कुणाचा?

होडी बाबांच्या नावावर होती, बाबा वारले, आता थोरला मुलगा विकतो आहे, हे चित्र आपल्या किनाऱ्यावर नेहमीचे. अशा वेळी गिऱ्हाईकाने एक प्रश्न विचारायला संकोच करू नये : आई आणि बहिणींची सही कुठे आहे?

वडिलांच्या मालमत्तेत पत्नीचा आणि मुलींचा वाटा ठरलेला आहे, हे आपल्याकडे सर्वांना पाठ असते. जमिनीच्या बाबतीत तलाठ्याकडे वारसांची नावे लागतात म्हणून तरी तो प्रश्न निघतो. होडीच्या बाबतीत मात्र ‘बायकांना होडीतले काय कळते’ म्हणून त्यांना विचारलेही जात नाही. पुढे कधीतरी बहीण हक्क मागते आणि विकत घेणारा मधल्यामध्ये अडकतो. सर्व वारसांची लेखी संमती असल्याशिवाय वारशाची होडी घेऊ नये. यात आपला बचाव आहेच, आणि एखाद्या विधवेचा किंवा लग्न होऊन दूर गेलेल्या बहिणीचा वाटा बुडायचाही वाचतो.

हाच नियम आपल्या घरालाही लावावा. होडीसाठी घरातल्या बाईचे दागिने मोडायचे असतील तर ते तिच्या मालकीचे आहेत. ती देत असेल तर ते कर्ज म्हणून, की भागीदारी म्हणून, हे तिच्याशी बोलून लिहून ठेवावे. नवरा-बायकोत कसले लिखापढी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची स्पष्ट शिकवण ज्या समाजाला आहे, त्याने तरी असे म्हणू नये.

भागीदारी आणि परदेशातला भाऊ

व्याजाचे कर्ज टाळायचे म्हणून दोन-तीन नातेवाईक मिळून होडी घेतात. ही रीत चांगली आहे, फक्त ती तोंडी असू नये. कुणी किती रक्कम घातली, समुद्रावर कोण जाणार, त्याच्या मेहनतीचा वेगळा हिस्सा किती, होडीचा वाटा आणि खलाशांचा वाटा कसा काढायचा, नुकसान झाले तर ते कोणत्या प्रमाणात सोसायचे, आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर होडीची किंमत कोण ठरवणार, हे सारे एका कागदावर यावे. भाऊ-भाऊ दुरावल्याच्या कितीतरी कहाण्या याच शेवटच्या मुद्द्यावर सुरू होतात.

आखातात राहणाऱ्या भावाने मोबाइलवर आलेले फोटो पाहून इसार पाठवू नये. फोटोत रंग दिसतो, तळ दिसत नाही. ज्याचा या सौद्यात काही फायदा नाही असा एक अनुभवी तांडेल आणि एक इंजिन मिस्त्री, दोघांना त्यांची मजुरी देऊन होडी दाखवावी. दलालाने आणलेला मिस्त्री दलालाचा असतो. काही हजारांची ही मजुरी वाचवायला जाऊन काही लाख बुडतात.

किंमत कशी जोडावी

समजा, विक्रेता सोळा लाख सांगतो. तपासणीत कळते की काही फळ्या बदलायला दीड लाख, इंजिनाच्या कामाला दोन लाख आणि जाळ्यांच्या दुरुस्तीला पन्नास हजार लागतील. म्हणजे ही होडी आपल्याला वीस लाखांना पडते. शेजारच्या बंदरात अठरा लाखांना एक होडी आहे आणि तिला पन्नास हजारांचेच काम आहे. महाग दिसणारी दुसरी होडी दीड लाखाने स्वस्त निघाली. दोषांची यादी लिहून, प्रत्येकापुढे मिस्त्रीने सांगितलेला खर्च मांडून, ती विक्रेत्यासमोर ठेवावी. मग घासाघीस करताना आवाज चढवावा लागत नाही.

हातातला सगळा पैसा होडीत घालू नये. डिझेल, बर्फ, शिधा, खलाशांची उचल, जाळी, विमा हे सगळे पहिली मासळी विकली जाण्याआधी लागते. हंगामाची सुरुवात वाऱ्याने खराब केली तर महिनाभर होडी उभी राहते. दोन महिन्यांचा खर्च बाजूला राहत नसेल तर लहान होडी पाहावी. लहान होडीवर चालणारे घर, मोठ्या होडीवर बुडालेल्या घरापेक्षा सुखी असते.

लाइफ जॅकेट, लाइफ बोय, वायरलेस संच, सरकारने बसवलेला ट्रान्सपाँडर, अग्निशमन नळकांडे या वस्तू सौद्यात धराव्यात आणि चालू आहेत का ते पाहावे. जॅकेटे खलाशांइतकी असावीत. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे मदतीचे क्रमांक केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, घरातल्या बायका-मुलांनाही ते पाठ असावेत.

शिडाची होडी असेल तर

मुरूडजवळ राजपुरीहून जंजिरा किल्ल्याकडे पर्यटकांना नेणाऱ्या शिडाच्या होड्या अजून चालतात. अशी होडी घेताना इंजिनाचा त्रास वाचतो, पण डोलकाठी, परबाण, शीड आणि दोर यांची परीक्षा वाढते. डोलकाठी तळाशी जिथे बसवलेली असते तिथे पाणी साचून लाकूड कुजते, तिथे टोच्या लावून पाहावे. उन्हाने जुनावलेले शिडाचे कापड दोन्ही हातांनी ताणले की शिवणीजवळ फाटते. आणि माणसांची वाहतूक करायची तर मासेमारीचा परवाना चालत नाही. किती माणसे बसवायची परवानगी आहे ते वेगळ्या कागदावर पाहावे.

विकणाऱ्यालाही दोन शब्द

धान्याच्या ढिगात हात घालून खालचे ओले धान्य बाहेर काढणाऱ्या आणि ते लपवणाऱ्या व्यापाऱ्याला फटकारणाऱ्या पैगंबर साहेबांची (स.) हकीकत आपण मुलांना सांगतो. होडीचा कुजका तळ रंगाखाली लपवणे त्याहून गंभीर आहे. ओल्या धान्यात गिऱ्हाईकाचे पैसे जातात, कुजक्या तळापायी सात-आठ घरांचे कर्ते पुरुष जाऊ शकतात. दोष सांगून विकलेल्या होडीला दोन पैसे कमी येतात, पण पुढच्या वर्षी बंदरावर त्या माणसाला तोंड देताना मान खाली घालावी लागत नाही.

विकत घेणाऱ्याने शेवटी एवढेच पाहावे : ज्या होडीवर आपण दुसऱ्याच्या मुलाला खलाशी म्हणून पाठवणार आहोत, तिच्यावर वाऱ्याच्या दिवशी आपल्या मुलाला पाठवू का? उत्तर देताना मन कचरत असेल तर इसार देऊ नये. होड्या पुष्कळ आहेत आणि जुलै अजून संपलेला नाही.